सरकारी दार, खासगी खिडकी

उल्काचा नवरा सर्वेश हवाई दलात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी संसार पेट्यांत आणि तिची शिक्षिकेची नोकरी पाण्यात. यंदा चंदीगडात मात्र तिला हक्काचा पहिलीचा वर्ग मिळाला होता, तोही कोऱ्या करकरीत शाळेत. सरकार आणि एका कंपनीने भागीदारीत बांधलेली ही मोफत शाळा. उद्घाटनाच्या सकाळी ती पोचली तेव्हा पाहुणे फीत कापून टाळ्याही घेऊन गेले होते. फितीमागे सलग भिंत होती.

"दरवाज़ा?" तिने विचारलं.

"दीवारें, छत, खिड़कियाँ हमारी जी," कंपनीचा मॅनेजर कुणाल म्हणाला. "दरवाज़ा सरकार का."

"हम तो लगा दें," शिक्षण खात्याचे देवेंद्रजी म्हणाले, "पर ये लोग दरवाज़े की जगह तो छोड़ें!"

आता भिंत फोडावी, तर इमारतीचा दर्शनी भाग मंजूर होऊन गेलेला. तो एकदा मंजूर झाला की चंदीगडात खिळा ठोकायचीही चोरी.

उल्काचं डोकंच फिरलं. तिने ओढणी खोचली, बाक लावला आणि खिडकीतून आत उतरली. पाठोपाठ मुलं चढू लागली, तोच कुणालने त्यांना अडवलं. खिडकी कंपनीची, म्हणजे तिच्यातून घेतलेला प्रवेश खासगी, त्याला फी पडेल. मोफत प्रवेश फक्त दारातून. मॅडम स्टाफ, त्यांना माफ.

"अगं, सोड ना यार," सर्वेश फोनवर म्हणाला. "दोन वर्षांनी बदली आहेच."

"म्हणूनच नाही सोडणार," ती म्हणाली. वर्गासाठी ती किती वर्षं झुरत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग बाई आत, मुलं बाहेर हिरवळीवर आणि मधे खिडकी, अशी शाळा सुरू झाली. आवाजावर फी लावायचं कुणाला सुचलं नाही. दिवाळीपर्यंत पोरं बेरजा करू लागली. दोन्ही भागीदार येऊन पाहून गेले आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं: शाळेला इमारत लागतच नाही. उल्काची खिडकीमागची खोली सोडून ती त्यांनी एका कोचिंग क्लासला भाड्याने दिली. क्लाससाठी दर्शनी भाग पुन्हा मंजूर झाला आणि आठवड्याभरात काचेचं दार बसलं, फक्त क्लासच्या मुलांसाठी.

क्लासवाल्यांना बाहेरचा गलका सहन होईना. एका सकाळी उल्का आली, तर खिडकी विटांनी बुजवलेली. तिला तिथेच रडू कोसळलं.

पुढच्या ओळीतली जसलीन मात्र टाळ्या पिटत उठली. "मैडम जी, आप भी बाहर आ गए!" ती म्हणाली, आणि दप्तर ओढून घेऊन तिने उल्कासाठी जागा केली.