माझ्यावरचा पिवळा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि तुमच्यापुढे मान खाली घालून बोलणार आहे. नकाशाला मान नसते, हे मला ठाऊक आहे. त्याला घड्या असतात. माझ्या घड्यांवर आता चिकटपट्ट्या आहेत आणि एका कोपऱ्यावर चीजचा तेलकट डाग आहे. पण मला लाज वाटते ती त्यांची नाही.

मी छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर वायोमिंगच्या एका माळरानाचं चित्र होतं. सरकारी, म्हणजे सर्वांना खुली जमीन पिवळी. खाजगी रान पांढरं. तिथे मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी माझ्यावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

तिथल्या एका दुकानात ऑर्लन स्कारनं मला विकत घेतलं. तो विस्कॉन्सिनचा, चीजच्या कारखान्यात कामाला. शिकारीसाठी हजार मैल गाडी हाकत आला होता. त्या माळावर पांढऱ्या बुडाची हरणं असतात. तिकडचे लोक त्यांना अँटिलोप म्हणतात. तुम्ही त्यांना पाहण्याआधी त्यांचं तुम्हाला पाहून झालेलं असतं. माझ्यावर एक पिवळा चौकोन होता. कच्चा रस्ता थेट त्याच्या कडेला टेकायचा आणि आत पाव मैलावर पाण्याची टाकी होती. ऑर्लननं त्या टाकीपाशी आपलं पहिलं हरीण मारलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शहाणा आहेस रे बाबा!"

मी फुगलो. फुगलेला नकाशा नीट घडी होत नाही, पण त्या दिवशी ऑर्लनलाही त्याची पर्वा नव्हती.

मग वर्षं गेली. ऑर्लनची बायको आजारी पडली आणि गेली. त्यानंतर त्याला पुन्हा माळाची ओढ लागली. पण परराज्यातल्या माणसाला परवाना मागितला म्हणून मिळत नाही, सोडत निघते. ज्या वर्षी परवाना नाही, त्या वर्षाचा एक गुण नावावर जमा करून ठेवता येतो. गुण जास्त, त्याचा नंबर आधी. नंबर लागला की सगळे गुण शून्य आणि पुन्हा श्रीगणेशा. ऑर्लननं नऊ वर्षांत नऊ गुण जमवले. दर उन्हाळ्यात तो मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचा, चौकोनावर बोट ठेवायचा आणि पुन्हा मिटून ठेवायचा.

या नऊ वर्षांतलीच एक गोष्ट आहे. वायोमिंगमार्गे भाच्याच्या लग्नाला जाताना ऑर्लन मला घेऊन त्याच दुकानात थांबला. काउंटरवरच्या मुलीनं माझा नवा भाऊ माझ्याशेजारी उलगडून ठेवला. "हा नवीन आलाय बघा. काही ठिकाणचे रंग बदललेत," ती म्हणाली.

मी पाहिलं. त्याच्या अंगावर तो चौकोन पांढरा होता.

ऑर्लनचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यानं डोळे बारीक केले, हसला आणि मला उचललं. "असू दे गं. आमचं जुनं खोड बरं आहे."

मित्रांनो, मला आनंद झाला. मला काढून टाकलं नाही म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. नकाशाला बोलता येत नाही हे खरंच आहे. पण बोलता आलं असतं तर मी बोललो असतो का? हा प्रश्न मला अजून छळतो, कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे.

ऑर्लन चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. एक गुडघा बदललेला होता, दुसऱ्याची पाळी हिवाळ्यात होती, आणि हृदयाच्या डॉक्टरनं शिकारीचं हे वर्ष शेवटचं म्हणून सांगितलं होतं. अर्ध्या मैलापलीकडे त्याला चालवत नव्हतं. म्हणून तो चौकोनच हवा होता. त्याची मुलगी जॅनेल शाळेची बस चालवते. एका रविवारी ती अर्ज भरायला आली.

"बाबा, मीही नाव घालू का तुमच्याबरोबर? दोघं मिळून जाऊ."

"अजिबात नाही! एकत्र अर्ज केला की गुणांची सरासरी काढतात. माझे नऊ, तुझा भोपळा. साडेचारात कोण विचारतंय आपल्याला?"

"बरं बाई, भोपळा गाडी चालवेल," जॅनेल हसत म्हणाली. मग तिनं फोन माझ्याशेजारी धरला. "पण बाबा, इथे तुमचा चौकोन पांढरा दिसतोय."

"तुझ्या फोननं आपल्या गोठ्याच्या जागी तळं दाखवलं होतं, आठवतंय का?"

"तसं नव्हे. तिथल्या ऑफिसात एकदा विचारून घेऊ या ना."

"कशाला विचारायचं? मी त्या जागेवर उभा राहिलोय, जॅनेल. आणि या नकाशानं मला कधी फसवलेलं नाही."

जॅनेलनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. तिला वाद घालता आला असता. तिनं घातला नाही, आणि त्या क्षणीही मला बरंच वाटलं.

जूनमध्ये सोडत निघाली. नंबर लागला! ऑर्लननं टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी माझ्यावर सांडता सांडता राहिली. नऊचे नऊ गुण त्या क्षणी शून्य झाले. कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

सप्टेंबरात आम्ही निघालो. कच्च्या रस्त्याच्या शेवटी तारेचं कुंपण होतं, फाटकाला कुलूप होतं आणि परवानगीशिवाय आत येऊ नये अशी पाटी होती. ऑर्लन खाली उतरून पाटीकडे बघत राहिला. थोड्या वेळानं एक पिकअप आली. गाडीतली बाई पन्नाशीची होती, हातात गुरांच्या कामाचे जाड हातमोजे. तिनं आपलं नाव ट्रुडी सांगितलं.

"काका, वाट चुकलात का?"

"नाही बाई. ही सरकारी जमीन आहे. हे बघा." त्यानं मला बोनेटवर उलगडलं.

ट्रुडीनं मला बराच वेळ पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "होती सरकारी. सरकारनं आमच्याशी अदलाबदल केली, त्याला अकरा वर्षं झाली. त्यांनी टेकडीपलीकडचं घेतलं, आम्हाला हे दिलं. काका, हा नकाशा माझ्या धाकट्यापेक्षा मोठा आहे हो."

"मागचं सगळं पिवळं..."

"ते अजून पिवळंच आहे. पण तिथे पोचायला आमच्या रानातूनच जावं लागतं."

ऑर्लननं टोपी काढली. "परवानगी द्याल? मी फार लांब जाणार नाही. त्या टाकीपर्यंत."

"दिली असती. पण यंदा रान दुसऱ्या शिकाऱ्यांना दिलंय. शब्द देऊन बसलेय मी."

"शब्द दिलाय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," ऑर्लन म्हणाला.

कुंपणापलीकडे टाकीपाशी सात हरणं उभी होती. एक नर मान वर करून आमच्याकडेच बघत होता. ऑर्लनला तो चष्म्याशिवायही दिसला असणार. जॅनेल 'मी सांगत होते ना' असं म्हणाली नाही. तिनं बापाचा दंड धरला आणि त्याला गाडीत बसवलं.

तीन दिवस आम्ही दुसऱ्या पिवळ्या जागा शोधल्या, आता जॅनेलच्या फोनवर. सगळीकडे दोन-दोन मैल चालायचं होतं. ऑर्लन अर्धा मैल चालून दगडावर बसायचा आणि गुडघा चोळायचा. तिसऱ्या दिवशी जॅनेल कळवळून म्हणाली, "बाबा, मी जाऊन मारून आणू का?"

"परवाना माझ्या नावाचा आहे. तू मारलंस तर ती चोरी झाली." मग तो हळूच म्हणाला, "तुला नाव घालू द्यायला हवं होतं."

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. घरी आल्यावर जॅनेलचा इतके दिवस दाबलेला राग माझ्यावर निघाला. "टाका तो नकाशा चुलीत!"

"त्याचा काय दोष? त्याला नवं काही कळायची सोयच नव्हती," ऑर्लन म्हणाला. "मला होती."

मित्रांनो, त्यानं मला चुलीत टाकलं असतं तर बरं झालं असतं. तो मला निर्दोष म्हणत होता आणि मला दुकानातलं ते काउंटर दिसत होतं.

शुक्रवारी गावात सगळे तळलेले मासे खायला जमतात. लोकांनी विचारलं तेव्हा ऑर्लन ताटात बघत म्हणाला, "यंदा जनावरच नव्हतं." मी त्याच्या जाकिटाच्या खिशात होतो. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला, आणि ते माझ्यापायी.

फेब्रुवारीत शेजारचा लेलँड आला. त्याच्याकडे सात गुण होते. "ऑर्लन, तुझा तो नकाशा दे की दोन दिवस. तुझ्या टाकीवाल्या जागेसाठीच अर्ज टाकतो. तू जाऊन आलास, म्हणजे डोळे मिटून टाकायला हरकत नाही."

ऑर्लननं मला कपाटातून काढलं. मला हातात धरून तो इतका वेळ उभा राहिला की लेलँडनं विचारलं, "का रे, द्यायचा नाही का?"

"जनावर होतं, लेलँड," ऑर्लन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "सात होती. मीच कुंपणाबाहेर होतो. जॅनेलनं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. नऊ वर्षं घालवली, आणि वर तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो."

लेलँड खुर्ची ओढून बसला. ऑर्लननं जाड काळं पेन घेतलं आणि माझ्या चौकोनावर आडवं लिहिलं: 'इथे आता जाता येत नाही. ऑर्लन.' शाई पार माझ्या पाठीपर्यंत उतरली.

मित्रांनो, मोठी माणसं सांगतात की जुन्या वस्तू जपा. जपा, पण त्यांना नवं काय ते विचारायला विसरू नका, आणि तुमच्यावर कुणी डोळे मिटून विश्वास टाकला तर त्याला आधी डोळे उघडायला सांगा. जे मी काउंटरवर करायचं टाळलं असतं, ते एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्यासमोर लाज पत्करून केलं. आता माझ्या अंगावर एकच ओळ खात्रीनं खरी आहे, आणि ती माझी नाही.