सदतीस दावणी

चकलांब्याच्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी उघडली, तेव्हाच पाण्याचा नियम ठरला होता. दावणीला एक पिंप; म्हणून प्रत्येक दावणीत जनावरं सारखीच. मोजणी झाली, तेराशे एकोणसत्तर. संस्थेचे चेअरमन मोहनराव हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या शिवकन्याकडे वळले.

"बाई, सारख्या दावणी पाडून द्या."

ती मनातल्या मनात भागत गेली. तीन, सात, अकरा, तेरा. छत्तीसचा वर्ग बाराशे शहाण्णव. म्हणजे वर्गमूळ छत्तीसच्या किंचित पुढं. एकतीसनंही भाग गेला नाही, तेव्हा पुढं बघायचं कारण उरलं नाही.

"ही मूळ संख्या आहे," ती चारचौघांत ऐटीत म्हणाली. "हिचे सारखे भाग कुणालाच करता येणार नाहीत. एक कमी असतं तर छत्तीस दावणी झाल्या असत्या, अडतीस-अडतीसच्या."

"मग एक कमी करू. शेवटी कोण आलंय?"

शेवटी आली होती मेंढपाळाच्या घरची साखराबाई, गाभण गाय घेऊन.

"माज्याच गाईनं कावून जायचं, मालक?"

"मी न्हाई म्हणत. बाईंचं गणित म्हणतंय."

साखराबाईनं शिवकन्याकडं पाहिलं. शिवकन्यानं मान डोलावली. गाय गेवराईच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी नववीत वर्गांतला फरक शिकवताना तिनं हौसेनं छावणीचंच उदाहरण घेतलं. छत्तीस गुणिले अडतीस. म्हणजे सदतीस वजा एक, गुणिले सदतीस अधिक एक. म्हणजे सदतीसचा वर्ग, वजा एक.

खडू फळ्यावरच थांबला.

सदतीस दावणी, सदतीस-सदतीसच्या. एकही जनावर जास्तीचं नव्हतं. सदतीसचा वर्ग करून बघायचा तिनं आळस केला होता.

शाळा सुटताच ती छावणीवर गेली. "माझं चुकलं. गाय बसते."

"खुंटे ठोकून झाले की, बाई," मोहनराव हळूच म्हणाले. "राहू द्या. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय."

"मग परत कावून ठोकायचे, ते तुमीच सांगा सगळ्यांना."

तिनं सांगितलं. दावणीतून आश्रुबा नावाचा शेतकरी म्हणाला, "पोरांचे मार्क बी आसेच कापता का, बाई?" माणसं हसली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

प्रवासी जीपनं ती गेवराईच्या रस्त्याला लागली, तेव्हा कडेला बाभळीखाली साखराबाई दिसली. गाय बसली होती, पुढं चालायला तयार नव्हती.

"चला परत. गाय बसते दावणीत."

"आता बसती व्हय गणितात?"

"आधीच बसत होती. मी शेवटपर्यंत बघितलं नाही."

"आसू द्या. तुमी शिकल्यालं मानूस, लई कामं आसत्यात तुमाला."

ती रागावली असती, तर बरं झालं असतं. शिवकन्यानं दाव्याला हात घातला. साखराबाईनं तो हळूच सोडवला. "वळखत न्हाई ती तुमाला."

मग तिनंच गाईला चुचकारून उठवलं आणि छावणीच्या वाटेला लावलं. शिवकन्याला उतरवून जीप केव्हाच निघून गेली होती. गाईला घाई चालणार नव्हती. शिवकन्या खाली बघत, उन्हातून दोघींच्या मागं चालत राहिली.