चाकामागचा चष्मा

आमचं घर उतारावर आहे आणि आमच्या गाडीला हँडब्रेक आहे, पण या दोन गोष्टींचा गेली दोन वर्षं एकमेकींशी काही संबंध नव्हता. गाडी दगडाच्या भरवशावर उभी असायची. गेल्या आठवड्यात मी दगड लावायला विसरलो, आणि गाडी एकटीच शेजाऱ्यांचं फाटक उघडून आत गेली.

लेकीनं निकाल दिला, "बाबा, दगडाशिवाय उभी राहिली तर ठेवू. नाहीतर भंगारात."

मी तातडीनं गाडीखाली शिरून ब्रेकच्या केबलचा नट आवळला. पूर्वी ओढला की खांद्यापर्यंत येणारा हँडब्रेकचा दांडा जागचा हलेना. मागची चाकं तव्यासारखी तापली. मग लेक आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि गाडीला, गॅरेजमधल्या मिस्त्रींकडे घेऊन गेली.

"केबल कुणी आवळली?" मिस्त्रींनी विचारलं.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

"शिकलेला दिसतो." त्यांनी नट सैल केला. "पट्टा आवळून पोट कमी होतं का, काका? आधी चाकातला ड्रम. केबल शेवटी."

पुढच्या चाकांना अडण्या लावून त्यांनी मागची बाजू उचलली, ड्रम काढले. आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्यानं टिपून घेतली. मिस्त्रींना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते चाकाचं तळहातानं ऐकतात. ब्रेकच्या पट्ट्या ड्रमजवळ आणणारं आतलं दातेरी चाक एक दाता पुढे, ड्रम वर, तळहात टायरवर, एक गिरकी. घासलं की दोन दाते मागे. डावं झालं, मग उजवं, मग शंका आली म्हणून पुन्हा डावं. माझे कान शाबूत आहेत. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

मग ब्रेक चारदा दाबून पाहिला आणि शेवटी केबल. पाचव्या कट्‌ला दांडा थांबला. सोडल्यावर चाकं मोकळी फिरली.

गॅरेजबाहेरच्या उतारावर हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून मिस्त्रींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मागच्या चाकामागे, बोटभर अंतरावर ठेवला.

"अहो, फुटेल," लेक म्हणाली.

"एकच आहे," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर काम नीट होतं."

आम्ही दहा मिनिटं त्या चष्म्याकडे बघत उभे होतो. चष्मा आमच्याकडे बघत होता.

घरी पोचल्यावर मी सवयीनं दगड उचलला. लेकीनं तो माझ्या हातातून घेतला आणि तळहात पुढे केला.

"चष्मा द्या, बाबा."

दिला. तिनं माझा चष्मा मागच्या चाकामागे ठेवला, आणि मी भिंत चाचपडत घरात गेलो.

सकाळी तिनं तो पुसून आणून दिला. गाडी जागच्या जागी होती. दगड कुंडीखाली गेला होता.