चाकामागचा पत्रा

“बोट फिराव,” रिषभ म्हणाला. “वर नको, आतमा फिराव.”

बारक्याने पुढच्या चाकाच्या काळ्या पात्यांमध्ये बोट घालून फिरवलं. बोट तपकिरी झालं. त्याने ते रिषभला दाखवलं नाही, पण रिषभने पाहिलंच.

“काल धोयं व्हतं ना?”

“धोयं व्हतं, भाऊ. दुपारले शहादाले जाई उनूत ना आपन. ब्रेक लागना का ही भुकटी उडसच.”

रिषभ खाली वाकला, मोबाइलवर चाकाचा फोटो काढला आणि घरात गेला. बारक्या पुन्हा गुडघ्यांवर बसला. अंगणातल्या नळाचं पाणी डिसेंबरात हाताला झोंबायचं, आणि शेजारच्या गोदामात मिरची भरणं चालू असल्यामुळे शिंकाही थांबत नसत.

गाडी दिवाळीत आली होती. कंपनीची चाकं रुपेरी होती. रिषभने आठ दिवसांत सुरतला नेऊन ती काढून टाकली आणि चकचकीत काळी बसवून आणली. नंदुरबारात तशी दुसरी गाडी नव्हती. स्टेशन रोडवर ती उभी राहिली की लोक थांबून बघायचे. रिषभला ते फार आवडायचं. पण ब्रेकचा पॅड डिस्कवर घासला की त्याची लोखंडी भुकटी चाकावर बसते, आणि रुपेरी चाकावर जी दिसत नाही ती चकचकीत काळ्यावर गंजासारखी उठून दिसते. पाण्यासकट तशीच राहू दिली तर ती रंगही खाते. हे सगळं बारक्याने रिषभला समजावून सांगितलं होतं. चाकं थंड झाल्यावरच धुवायची, चाकांची बादली वेगळी ठेवायची, मऊ ब्रश वापरायचा, आठवड्यातून एकदा मेण चोळायचं, म्हणजे भुकटी चिकटत नाही. आणि कमी भुकटीचे पॅड मिळतात, ते घालायचे. शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळं तो रोज सकाळी करत होता. पॅडचं मात्र रिषभने मनावर घेतलं नाही, कारण नवे पॅड घालूनही थोडी भुकटी राहणारच होती, आणि रिषभला थोडीसुद्धा नको होती.

बारक्या चोपन्न वर्षांचा होता. त्याचं गाव नवापूरच्या पुढे, गुजरातच्या सीमेवरच्या डोंगरात. तरुणपणी अकरा वर्षं त्याने तोरणमाळच्या घाटात सवाऱ्या भरून वडापची जीप चालवली, आणि गेली एकोणीस वर्षं तो मिरचीचे व्यापारी नेमीचंद शेठ यांच्याकडे होता. रिषभ तेव्हा पहिलीत होता. शाळेतून येताना तो पुढच्या सीटवर झोपून जायचा आणि बारक्या त्याला उचलून घरात नेऊन ठेवायचा. तेव्हा रिषभ त्याला बारकूकाका म्हणत असे. पुढे कधीतरी नुसता बारकू झाला, आणि लग्नानंतर, बायको चांदनी घरात आल्यावर, बारक्या. नक्की कोणत्या दिवशी हे झालं ते बारक्याला सांगता आलं नसतं.

त्या फोटोनंतर पाचेक दिवसांनी एक खोकं आलं. त्यात पातळ पत्र्याच्या दोन गोल थाळ्या होत्या. चाक काढायचं, थाळी डिस्कच्या बाहेरून बसवायची, वर पुन्हा चाक. भुकटी थाळीच्या मागेच अडकते, काळ्या चाकापर्यंत येत नाही. रिषभने व्हिडिओत पाहिलं होतं. गाडी धुळे रस्त्यावर धर्मेंद्रच्या गॅरेजला नेली. धर्मेंद्रने थाळी हातात घेऊन उलटसुलट फिरवली आणि बारक्याकडे पाहिलं.

बारक्या म्हणाला, “भाऊ, हाऊ पत्रा लावा ते डिस्कले हवा कथाइन भेटी? गावमा चाली जाई. घाटमा ब्रेक तपी जाई.”

“बाहेर देशमा लोके लावतस.”

“तठे आपला घाट नही शे, भाऊ.”

“तू रिम धोवानं काम कर,” रिषभ म्हणाला. तो रागावलेला नव्हता, उलट हसतच होता. मग धर्मेंद्रकडे वळून त्याने विचारलं, गाडी दुपारपर्यंत मिळेल ना. धर्मेंद्रने पाना उचलला. गिऱ्हाइकाशी वाद घालून त्याचं गॅरेज चाललं नसतं.

चाकं खरोखरच स्वच्छ राहू लागली. रिषभ रोज सकाळी बोट फिरवून बघायचा आणि बारक्याला दाखवायचा. बारक्याच्या गुडघ्यांनाही आराम पडला, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं.

रिषभची आई छोटीबाई नंदुरबारला सून म्हणून आली त्याला चाळीस वर्षं झाली होती, आणि तिने तोरणमाळ पाहिलं नव्हतं. दर हिवाळ्यात जायचं ठरायचं आणि मिरचीचा हंगाम आडवा यायचा. या वर्षी रिषभ म्हणाला, मी नेतो. एका रविवारी सकाळी रिषभ, चांदनी आणि छोटीबाई निघाले. गाडी बारक्या चालवत होता. वर पोचल्यावर छोटीबाई तलावाच्या काठी बराच वेळ बसून राहिली. निघताना तिने बारक्याला विचारलं, तू रोज इथे येत होतास? रोज, बाई, तो म्हणाला. दिवसातून दोनदा. ती म्हणाली, भाग्यवान आहेस.

निघायला साडेचार वाजले. छोटीबाईचा चोविहार होता, सूर्य मावळल्यावर ती पाणीही घेत नसे. म्हसावदला रिषभच्या मामांकडे ताटं वाढून ठेवलेली होती. बारक्याने उतार सुरू होताच गाडी खालच्या गियरमध्ये टाकली. पण दोन वळणांनंतर पुढे लाकडं भरलेला टेम्पो आला. तो थांबत, सरकत चालला होता. त्याच्यामागे बारक्याला पुन्हा पुन्हा ब्रेक मारावा लागला. चौथ्या वळणावर त्याला वास आला. जळक्या पॅडचा वास त्याने अकरा वर्षं घेतला होता.

तो म्हणाला, भाऊ, दहा मिनिटं थांबू या, ब्रेक थंड होऊ द्या. रिषभने घड्याळ पाहिलं. पाच वाजायला आले होते. मागून छोटीबाई म्हणाली, थांबू दे रे, एक दिवस उपास घडला तर काही मरत नाही मी. रिषभ म्हणाला, काही होत नाही, चल. तेवढ्यात टेम्पोने बाजू दिली आणि रस्ता मोकळा झाला.

पुढच्या उतारावर बारक्याने पाय दाबला तर पेडल मऊ लागलं. दुसऱ्यांदा दाबला तर ते तळाला टेकलं आणि गाडी तशीच चालत राहिली. बोलायला वेळ नव्हता. समोर वळण होतं. उजवीकडे दरी होती आणि डावीकडे डोंगर. डाव्या बाजूला मागच्या सीटवर छोटीबाई बसली आहे, हेही त्याला त्या क्षणी स्पष्ट ठाऊक होतं. त्याने गाडी डावीकडे घातली. चाकं गटारीत उतरली, दगडांवर घासत पन्नासेक फूट गेली आणि गाडी कलून थांबली.

छोटीबाईचं खुब्याचं हाड मोडलं. बाकी कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मागून आलेल्या जीपमधून तिला शहाद्याला नेलं. दवाखान्यात रिषभ बाकावर बारक्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने बारक्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “तू व्हता म्हनीसन वाचनूत, काका.”

काका हा शब्द बारक्याने पुष्कळ वर्षांनी ऐकला. त्या रात्री त्याला सगळं अंग ठणकत असूनही बरं वाटलं.

गाडी ओढून धर्मेंद्रच्या गॅरेजला आणली. डावीकडची दोन्ही काळी चाकं चेपून फुटली होती. तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस पाहणीला येणार होता. तो यायच्या आधी सकाळीच रिषभ गॅरेजला जाऊन आला. बारक्या दुपारी गेला तेव्हा पुढची चाकं काढलेली होती. डिस्क जळून निळ्या झाल्या होत्या आणि थाळ्या कुठेच नव्हत्या. त्याने धर्मेंद्रला विचारलं. धर्मेंद्र जॅकखाली फळी सरकवत होता. कसल्या थाळ्या, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, “माले नको विचारू, बारकूभाऊ.” आणि फळी नीट बसलेली असूनही पुन्हा सरकवू लागला.

आठवडाभरात गावात गोष्ट ठरली. बारक्याने सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरवला, म्हणून ब्रेक जळाले. वय झालंय, पाय जड झालाय. शेठजींनी इतकी वर्षं ठेवलं हेच फार. छोटीबाईला भेटायला घरी रोज माणसं येत होती, आणि प्रत्येकाला हेच सांगितलं जात होतं. बारक्याने ते पहिल्यांदा स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकलं. करणसिंग नावाचा एक जुना ड्रायव्हर, ज्याला स्वतः बारक्याने घाट शिकवला होता, तो कप खाली ठेवून म्हणाला, काय रे, तू आणि ब्रेकवर पाय? बारक्याला वाटलं, तो चेष्टा करतोय. मग त्याने इतरांच्या तोंडांकडे पाहिलं.

गाडीची किल्ली नेहमी गोदामाच्या दारामागच्या खिळ्याला असायची. ती तिथे नव्हती. कामावर येऊ नको असं त्याला कोणी सांगितलं नाही. नुसतं रोज सकाळी सांगायचे, आज गाडी नाही, आराम कर.

छोटीबाईला घरी आणल्यावर तो भेटायला गेला. चांदनीने त्याला दारातच थांबवलं नाही, आत येऊ दिलं. पलंगाशेजारी लोखंडी वॉकर होता. यापुढे त्याच्याशिवाय चालता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बारक्या उभा राहिला. त्याला काही मागायचं नव्हतं. फक्त तिने म्हणावं, थांबू दे असं मी म्हणाले होते. छोटीबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मग तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि चांदनी म्हणाली, आईंना झोपू द्या.

त्याच संध्याकाळी तो पेढीवर गेला. नेमीचंद शेठ एकटेच होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, पत्रा, वास, दहा मिनिटं. त्याचं संपल्यावर शेठजींनी चष्मा काढला.

“माले माहीत शे,” ते म्हणाले. “धर्मेंद्रनी पहिल्याच दिन सांगं.”

बारक्याला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“मंग तुम्ही काबर नही बोलनात, शेठजी?”

“काय बोलू? त्यानी मायनं हाड मोडनं. तुन्हामुये मोडनं असं पोऱ्याले सांगू? तो रोज तिले उठाडस, बसाडस. त्याले त्या घरमा जलम काढना शे.” शेठजी चष्मा पुसू लागले. “तुन्हं काय, बारक्या. लोके चार दिन बोलतीन, भुली जातीन.”

“मन्ही गाडीखाले तीस वरीसमा कोंबडीबी उनी नही.”

“माले माहीत शे.”

“मंग एकदाव चार मानसेसमोर सांगा. बारक्यानी चूक नही व्हती. तेवढंच.”

शेठजी टेबलावरच्या मिरचीच्या नमुन्याच्या पुड्या एकावर एक रचू लागले. मग म्हणाले, गोदामावर एक माणूस हवाच आहे, राखणीला. बसून काम. खोली आहेच तुझी. मरेपर्यंत रहा.

बारक्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो म्हणाला की राखणीला नको, घरी रमी एकटी आहे. बायकोचं नाव त्याने या पेढीत पहिल्यांदाच घेतलं. शेठजींनी मान हलवली. त्या मान हलवण्यात सुटका होती. ती बारक्याला दिसली, आणि आतापर्यंत ऐकलेल्या सगळ्याहून ती त्याला जास्त लागली.

सकाळी खोली झाडून, कडी घालून तो निघाला. अंगणात दुसरी गाडी उभी होती, भाड्याने आणलेली. नवा ड्रायव्हर तिचं चाक पुसत होता. वरच्या गॅलरीत रिषभ उभा होता. बारक्याला पाहून तो आत गेला नाही. त्याने कठडा धरला आणि तोंड उघडलं. बारक्या फाटकापाशी थांबला. रिषभने तोंड मिटलं. बारक्याने फाटक ओढून घेतलं.

पॅसेंजरने तो नवापूरला उतरला. तिथून गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी दोन माणसांमध्ये त्याला जागा मिळाली. ड्रायव्हर नवखा होता, कानाला मोबाइल लावून चालवत होता. खिंड ओलांडून जीप उताराला लागली. पहिल्या वळणावर बारक्याचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि खालच्या पत्र्यावर घट्ट दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही तसंच झालं. शेजारची म्हातारी त्याच्या पायाकडे पाहू लागली. बारक्याने पाय मागे ओढून घेतला, त्यावर डावा पाय ठेवला, आणि गाव येईपर्यंत तो तसाच दाबून धरला.