हळद लागलेला हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या उजव्या कानाच्या स्पंजावर एक पिवळा डाग आहे, आणि तो हळदीचा आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्या ओळखीत हळद लागलेला दुसरा हेडफोन असेल तर खुशाल घेऊन या. मग मी माझा तोरा तिथल्या तिथे उतरवून ठेवीन.

जन्म माझा कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. खोक्यात बसून मी पनवेलला आलो आणि एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात काचेमागे पडून राहिलो. मला डोळे नाहीत. दोन कान आहेत आणि तोंडाशी वाकवता येईल अशी एक दांडी आहे, तिच्या टोकाला माईक. म्हणून मी जे सांगतो ते सगळं ऐकलेलं आहे. पाहिलेलं काही नाही.

एके दिवशी दुकानात एक खणखणीत आवाज आला. "येवढ्याला? ह्याच्या कानांत काय सोन्याची फुलं हायत?" दुकानदार म्हणाला, "मावशी, गेमिंगचा आहे हा. ब्रँडेड आहे." तर उत्तर आलं, "मंग लगीन लाव त्याचा, माझ्या गल्यात नको मारूस!" शेजारी एक मुलगी हसत होती. "आत्या, पुरे गो!" असं म्हणत होती. ती अनुष्का आणि तो आवाज भामाआत्याचा. भाव कमी झाला आणि मी ओव्याला गेलो.

खारघरच्या टॉवरांनी तीन बाजूंनी घेरलेलं आमचं ओवे गाव. अनुष्काचे बाबा कमलाकर बांधकामांना रेती-विटा पुरवतात. अनुष्का लहान असतानाच तिची आई गेली, तेव्हा कमलाकरांची थोरली बहीण भामा कोन गावच्या सासरहून माहेरी आली आणि मग इथलीच झाली. पोरीला न्हाऊमाखू घातलं ते तिनेच आणि फटके दिले तेही तिनेच.

भामाआत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गायला धवलारीण लागतेच. हळदीपासून मांडवापर्यंत एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. कोनपासून आपट्यापर्यंत लग्न निघालं की आधी भामाआत्याला सुपारी जायची. ती पदर खोचून बसली आणि पहिला सूर लावला की डीजेवाला पोरगासुद्धा मुकाट्याने बटण बंद करायचा, असं कमलाकर अभिमानाने सांगत.

अनुष्का मात्र गेमवाली. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी कॉम्प्युटर. चार मैत्रिणींची टोळी जमवून ती एका मोठ्या खेळात लढायची. "डावीकडून ये! मागे बघ, मागे!" असं माझ्या माईकमध्ये ओरडायची. मी तिचा शब्द जराही न चुकवता पोहोचवत असे. "तुझा आवाज काय क्लिअर येतो गं!" असं पलीकडून कोणी म्हटलं की मला मूठभर मांस चढायचं.

मग त्या खेळाच्या कंपनीने एक नवा नियम काढला. लबाडी करून जिंकणाऱ्यांना पकडायला एक पहारेकरी प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये बसवायचा. तो नसेल तर खेळ उघडणारच नाही. अनुष्काने परवानग्यांचं ते लांबलचक पान भराभर खाली सरकवलं. "कोण वाचतंय एवढं!" असं पुटपुटून तिने 'मान्य आहे' दाबलं. पहारेकरी आला. खेळ सुरू झाला की तो जागा होईल असं तिला वाटलं होतं. पण कॉम्प्युटर सुरू होताक्षणीच तो जागा व्हायचा, आणि माझा माईक त्याच्या हाताशी होता.

त्याच सुमारास आत्याचा आवाज बसला. हळद-दूध झालं, काढे झाले, काही फरक पडेना. शेवटी एका दुपारी कमलाकर हॉस्पिटलातून आले आणि कॉम्प्युटरच्याच खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी पोरीला सांगितलं, "गल्यात कॅन्सर हाय. आवाजाची पेटीच कारावी लागंल बोलतात."

ऑपरेशनला थोडे दिवस होते. अनुष्काने आत्याला धरून बसवलं. म्हणाली, "सगळे धवले इथे गा. मी रेकॉर्ड करते."

"वेडी झालीस? नवरी नाय, मांडव नाय, कोनासाठी गावाचा? असा रिकामा धवला गात नाय कोनी."

मग अनुष्का स्वयंपाकघरात गेली, वाटीत हळद कालवून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मला टिचकी मारून म्हणाली, "ही घे नवरी. दुकानात तूच म्हणालीस ना, ह्याचं लगीन लाव म्हणून?"

आत्या हसली. बसलेल्या घशाने हसली आणि हसता हसता रडली. तिने बोट बुडवून माझ्या उजव्या कानाला हळद लावली. आणि मित्रांनो, ती गायली! घसा मध्येच फाटत होता, तरी ती थांबायला तयार नव्हती. गावोगावच्या देवांना ती मांडवात बोलावत होती. नवरीच्या आईची समजूत काढत होती. मी साधा प्लास्टिकचा जीव, पण त्या दुपारी मला खरंच कोणाचं तरी घर सोडून निघाल्यासारखं वाटलं. असं ऑपरेशनपर्यंत रोज दुपारी चाललं. तिच्या पोटात होतं तेवढं सगळं तिने माझ्यात ओतलं.

एकच अट तिने घातली होती. "ह्यो मोबाईलवर कोनाला पाठवायचा नाय. धवला तोंडानी तोंडाला द्यायचा आस्तो. घराभाईर जाता कामा नाय. घे माझी शपथ." अनुष्काने शपथ घेतली आणि अक्षरशः पाळली. फोनमध्ये घेतलं नाही, दुसरीकडे कुठे ठेवलं नाही. सगळं त्या एका कॉम्प्युटरमध्येच राहिलं.

ऑपरेशन झालं. आत्या वाचली आणि मुकी होऊन घरी आली. गळ्याला भोक, श्वास तिथूनच ये-जा करणारा. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं यंत्र दिलं होतं. त्यातून जो रडका, एकसुरी आवाज निघाला तो ऐकून तिने ते उशाखाली सारलं, ते पुन्हा बाहेर काढलंच नाही. काही हवं असेल तर टाळी वाजवायची आणि हातांनी सांगायची. पण रोज दुपारी जेवणं आटोपली की ती येऊन मला डोक्यावर चढवायची. अनुष्का धवले लावून द्यायची. आत्या मांडीवर ताल धरून स्वतःचंच गाणं ऐकायची. त्या घरात तिचा आवाज आता तेवढ्याच एका जागी उरला होता. माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे दिवस तेच.

मग कंपनीची सूचना आली. अनुष्का मोठ्याने वाचत होती. "तुमच्या खात्यावर दुसऱ्या व्यक्तीचा आवाज वारंवार आढळला आहे. खातं दुसऱ्याला वापरायला दिल्याचा संशय आहे. आवाजाचे नमुने तपासणीसाठी ठेवून घेतले आहेत." तिने तारखा वाचल्या आणि तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, ह्या तर आत्या गात होती तेव्हाच्या आहेत. तेव्हा गेम सुरूच नव्हता!"

कमलाकर कडाडले, "म्हंजी घरात बसून कोनीतरी ऐकत होता? हिचा आजार, आमची जमिनीची वाटनी, सगला ऐकला त्यांनी?"

"मला नव्हतं माहीत, बाबा. मी नुसतं 'मान्य आहे' दाबलं होतं."

आत्याने टाळी वाजवली. तिला समजावून सांगावं लागलं की तिचे धवले घराबाहेर गेले आहेत. अनुष्काची शपथ तिच्या नकळतच मोडली होती. त्या दिवशी आत्याने मला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी अनुष्का कॉलेजला गेल्यावर कमलाकरांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या देवेशला घरी बोलावलं. "ते चोराला मुलासकट उपटून कार. काय एक ठेवू नको."

देवेशने विचारलं, "काका, सगळं साफ होईल हां. काही ठेवायचं आहे का आतलं?"

"आत काय, खेलच हायत निस्ते." मग कमलाकर वळून बहिणीला म्हणाले, "बाय, कारू ना?"

आत्याने आधी थांब म्हणून टाळी वाजवली. ती लगबगीने पुढे आली, माझी वायर तिने हळूच ओढून काढली आणि मला पदरात गुंडाळून छातीशी धरलं. आता कर, अशी तिने मान हलवली असणार, कारण कमलाकर म्हणाले, "हां, बाय हो बोलते."

अहो, तिने धवले फक्त माझ्यातून ऐकले होते! तिच्या लेखी आवाज माझ्यातच होता, आणि कमलाकरांच्याही. मला वाचवलं म्हणजे आवाज वाचला असं ती दोघं समजत होती. देवेशला बिचाऱ्याला यातलं काय ठाऊक? तो कळफलक बडवत होता आणि पदराच्या आत मी तिच्या हृदयाचे ठोके ऐकत होतो. किती निर्धास्त पडत होते ते! मी ओरडू शकत नव्हतो. ओरडायला मला दुसऱ्याचा आवाज लागतो.

दुपारी अनुष्का आली. आत्याने मला पदरातून काढलं, तिच्या हातात दिलं आणि चुटकी वाजवली, लाव. अनुष्काने कॉम्प्युटर सुरू केला. मग ती शोधत राहिली. "बाबा, कोणी हात लावला ह्याला?" कमलाकरांनी सांगितलं. मला डोक्यावर घालून आत्या वाट बघत बसली होती आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं. देवेशने पुन्हा येऊन नाना खटपटी केल्या. पुसलेलं परत मिळालं नाही.

"त्यांच्याकडे आहे," एके दिवशी अनुष्का म्हणाली. "नमुने ठेवलेत म्हणून त्यांनीच लिहिलंय ना? मी मागते." तिने कंपनीला लिहिलं. उत्तर गोड भाषेत आलं. "त्या व्यक्तीच्या खासगीपणाचा आम्ही आदर करतो. म्हणून तिचा आवाज खातेदाराला देता येणार नाही. त्या व्यक्तीने स्वतः मागणी करावी. ओळख पटण्यासाठी दिलेलं वाक्य माईकवर बोलावं." अनुष्काने हॉस्पिटलचे कागद जोडून पुन्हा लिहिलं की आत्याला आवाज नाही. उत्तर तेच आलं, एक अक्षरही न बदलता.

"करून बघू या एकदा," कमलाकर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

आत्या खुर्चीवर बसली. अनुष्काने मला तिच्या डोक्यावर नीट बसवलं आणि वाक्य वाचून दाखवलं, "हा आवाज माझा आहे." आत्याचे ओठ हलले. ओठांची नुसती चटचट माझ्या माईकवर आली. पडद्यावरचं अनुष्काने वाचलं, "आवाज ऐकू आला नाही."

मग अनुष्काने माझी दांडी खाली वाकवली, आत्याच्या गळ्याच्या भोकापाशी नेली. आत्याने सगळा जीव एकवटला. एक फुसकारा आला, मग आणखी एक. कोन ते आपटा गाजवलेल्या बाईकडे आता एवढंच होतं, आणि ते मी जसंच्या तसं पोहोचवलं.

"आवाज जुळला नाही," अनुष्काने वाचलं. पुढचं तिला वाचवेना. कमलाकर हुंदके देत होते. "बाय, मीच घालवला गो तुझा आवाज," एवढंच म्हणत होते. आत्याने मला काढून टेबलावर ठेवलं आणि उठून दोघांजवळ गेली.

तेव्हापासून रोज दुपारी ती अनुष्काला समोर बसवून ओठांनी धवले शिकवते. अनुष्का ओठांकडे बघून एकेक शब्द ओळखते आणि मोठ्याने म्हणते. शब्द बरेच जमतात. चाल ओठांवरून कळत नाही. आत्या मांडीवर हात आपटून नाही, नाही म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी खिळ्याला लटकून ऐकतो. चाल मी सगळी ऐकली होती. पण माझ्यात काही साठत नाही हो, माझ्यातून फक्त जातं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, वायर मुरगळू नका, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. खेळायच्या घाईत 'मान्य आहे' दाबण्याआधी क्षणभर मागे वळून बघा. त्या खोलीत आणखी कोण बसलंय, कोण बोलतंय, कोण गातंय, त्यांना हाक मारा आणि विचारा. आमच्या घरात भामाआत्याला तसं कोणी विचारलंच नाही. आणि तेव्हा तिच्याजवळ 'नाय' म्हणायला आवाज होता.