मला भाग जातो

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. नाव एक्क्याण्णव. नव्वद आणि ब्याण्णव यांच्या मधली जागा पहिल्यापासून माझीच, त्यामुळे जन्मतारीख विचारू नका.

माझा स्वभाव तसा सुखी. एक ते तेरा हे सगळे आकडे मिळवा, मी येते. तीनचा घन आणि चारचा घन एकत्र आणा, तरी मीच. फळवाला संत्र्यांचा मनोरा रचतो, तळाला सहा-सहाच्या सहा ओळी आणि टोकाला एक, तेव्हा त्याच्या दुकानात मी ऐटीत बसलेली असते. एवढं असूनही लोक मला मूळ संख्या समजतात, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानेच भाग न जाणारी. दोनाने बघतात, तिनाने बघतात, पाचाने बघतात आणि हात झटकतात. सात आणि तेरा हे माझे सख्खे विभाजक. पण सातचा पाढा सत्तरवर थांबतो, आणि मी त्याच्या पुढे तीन पावलांवर. तेराच्या पाढ्यात मी सातव्या ओळीला असते, तर मुलं नेमकी तिथेच पुटपुटतात.

फरशी बसवणाऱ्या एका कारागिराचंही असंच झालं. त्याचे वडील साच्यात दाबून षटकोनी फरश्या करायचे. ते गेले, साचा मोडला आणि त्यांच्या शेवटच्या फरश्या माळ्यावर पडून राहिल्या. वाचनालयाच्या गोल खोलीचं काम मिळालं तेव्हा त्याने ठरवलं, मधोमध बाबांच्या फरश्या बसवायच्या आणि एकही मागे ठेवायची नाही. मोजल्या तर एक्क्याण्णव. दोन दिवस त्याने खडूने चौकोन आखले आणि पुसले. शेवटी वैतागून म्हणाला, ही संख्याच आडमुठी आहे. एक काढली की नव्वद, दहाच्या नऊ ओळी. त्याने एक फरशी उचलून खिडकीत ठेवली, पण मग त्याचा हात कामाला लागेना. मलाही फार वाईट वाटलं.

तेवढ्यात धाकटी बहीण डबा घेऊन आली. ती क्रोशाचे रुमाल विणून विकते. दादाचं रडगाणं ऐकून घेऊन तिने खिडकीतली फरशी परत ढिगात आणून ठेवली.

“ओळी कशाला हव्यात? मधे एक ठेव. तिच्याभोवती सहा.”

“आणि पुढे?”

“पुढच्या फेरीला बारा. दर फेरीला सहा वाढवायचे, म्हणजे रुमाल सपाट बसतो.”

त्याला काही पटलं नव्हतं, पण बहिणीशी वाद घालायची त्याची टाप नव्हती. सिमेंट न लावता तो नुसत्या फरश्या मांडत गेला. बारा झाल्या, अठरा झाल्या, चोवीस झाल्या. शेवटच्या फेरीला तीस हव्या होत्या आणि ढिगात तीसच उरल्या होत्या. शेवटची जागेवर बसली तेव्हा सहा सारख्या बाजूंचा मोठा षटकोन तयार झाला. कारागीर तिथेच खाली बसला.

“बाबांनी मोजून केल्या होत्या का गं?”

“छे. रंग संपला म्हणून थांबले.”

दोघं हसली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. जुळत नाही म्हणून कुणाला बाजूला काढण्याआधी मांडणी एकदा बदलून बघा. आणि निदान सातने तरी भाग देऊन बघा. त्या फरशीवर आता मुलं पुस्तकं घेऊन पालथी पडतात. खिडकीत ठेवलेली फरशी यातली नेमकी कोणती, हे कारागीर परवा वाकून वाकून शोधत होता. त्याला सापडली नाही.