आडवी बेरीज, उभी बेरीज

गणिताच्या विभागप्रमुख बाईंची पीएचडी म्हणजे घरात सहा वर्षं ठाण मांडून बसलेला पाहुणा होता. जेवणाच्या टेबलावर तिच्याच फायली, त्यामुळे नवरा आणि मुलगी ताटं मांडीवर घेऊन जेवायची. "यापेक्षा घरजावई परवडला," असं नवरा येता-जाता म्हणायचा, पण फायलींवरची धूळही तोच झटकायचा.

विषय भारदस्त होता: माध्यमिक शाळेतल्या गणित शिक्षकांचं नेतृत्व विभागप्रमुखानं कसं करावं. त्यासाठी बाईंनी आपल्याच विभागावर दोन वर्षं प्रयोग केला. दर बुधवारी शाळा सुटल्यावर आठही शिक्षकांनी एकत्र बसायचं, पुढच्या आठवड्याचे धडे मिळून आखायचे, आणि अधूनमधून एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिकवणं बघायचं. यानं विभाग सुधारतो, हे बाईंना दाखवायचं होतं. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता तिसऱ्यांदा विचारूही नका, असं विद्यापीठानं कळवलं होतं.

राहिली होती फक्त शेवटची प्रश्नावली. चोवीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण, नाव लिहायचं नाही, कागद घडी करून डब्यात टाकायचा. सोमवारी बाईंनी डबा उघडला, आकडे संगणकात भरले आणि पहिल्या विधानाची सरासरी काढली. चार! बाई खुर्चीतच टुणकन उडाल्या. सख्ख्या आईनंही त्यांना पाचपैकी चार दिले नसते. दुसऱ्या विधानाची सरासरी? चार. तिसऱ्याची? तीही चार.

सातव्या चाराला बाईंचा चेहरा उतरला. संगणकाचं काहीतरी बिघडलं म्हणून त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. आठ जणांची आडवी बेरीज बत्तीस. खालच्या ओळीचीही बत्तीस. चोवीसच्या चोवीस ओळी बत्तीस! मग बाईंनी, का कोण जाणे, एकेका शिक्षकाची उभी बेरीज केली. शहाण्णव. पुढच्याची शहाण्णव. आठही जणांची शहाण्णव.

बाईंनी कपाळावर हात मारला. हा काही योगायोग नव्हता, हे आठ गणितवाल्यांनी डोकं लावून जमवलेलं कोष्टक होतं. 'मार्गदर्शक सरांना नुसती सरासरी दाखवली तर कोण बघतंय?' असंही एकदा मनात आलं. येणारच, सहा वर्षं गेली होती. पण रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केल्यावर मंगळवारी शाळा सुटताच बाई तो कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि तो त्यांनी टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

भूमिती शिकवणारे आबा, विभागातले सगळ्यात जुने, घसा खाकरून म्हणाले, "बाई, सगळीकडे पाच दिले असते तर कुणालाही संशय आला असता. म्हणून म्हटलं, चार बरे."

"पण प्रत्येक ओळीत बत्तीस?"

"ते आपलं बसल्या बसल्या जमत गेलं. मग म्हटलं उभीही जमतेय का बघू." आबांचा चेहरा खुलला. "तीन दुपारी घातल्या हो! एकोणिसाव्या ओळीला नाकी नऊ आले होते."

बाईंना हसूही येत होतं आणि आबांच्या डोक्यावर तोच कागद हाणावासाही वाटत होता. "अहो आबा, माझी पदवी जाईल यानं! कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"तुमची पदवी जाऊ नये म्हणूनच केलं," धाकटी म्हणाली. ती दोन वर्षांपूर्वी, प्रयोगाच्या जरा आधीच विभागात आली होती, सगळे तिला धाकटीच म्हणत. "बाई, खरं लिहायचं म्हणजे सतराव्या विधानाला..."

सतरावं विधान होतं: विभागप्रमुख माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

"अगं, पण मी दर बुधवारी प्रत्येकाला विचारते! मागच्या बुधवारीसुद्धा मी..." बाई बोलत सुटल्या आणि एकदम थांबल्या. धाकटीचं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि म्हणाल्या, "बोल. सगळं बोल."

धाकटी बोलली. मग बाकीचे बोलले. बुधवारी आम्ही तोंड उघडायच्या आत तुमचा आराखडा फळ्यावर असतो, असं म्हणाले. एकमेकांच्या वर्गात बसून खूप शिकलो, पण ते सांगायला तुम्ही कधी सापडलाच नाहीत, असंही म्हणाले. बाईंच्या जिभेवर दहादा उत्तर आलं आणि दहादा त्यांनी ते गिळलं. पाऊण तास त्या गप्प बसल्या. आयुष्यातला हा त्यांचा विक्रम होता. शेवटी त्यांनी पिशवीतून कोरे कागद काढले. "आता खरं लिहा. सकाळपर्यंत डब्यात टाका."

घरी जाऊन त्यांनी मार्गदर्शक सरांना फोनवर सगळं सांगितलं. सर बराच वेळ हसले. "दोन्ही प्रश्नावल्या प्रबंधात घाला, पहिली का बाद केली तेही लिहा," ते म्हणाले. "पदवी निष्कर्ष गोड आला म्हणून देत नाहीत, बाई. पण शेवटचं प्रकरण नव्यानं लिहावं लागेल. शुक्रवारपर्यंत जमेल?"

"जमवते," बाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी त्यांनी डबा उघडला. सतराव्या विधानापुढे पाच जणांनी दोन दिले होते आणि तिघांनी एक. बेरीज तेरा. दोन वर्षांपूर्वी, प्रयोगाच्या आधी हीच विधानं दिली होती तेव्हा, तीच एकवीस होती. बाईंनी डोळे मिटून घेतले. जे दाखवायला सहा वर्षं घालवली, निदान या ओळीत त्याच्या बरोबर उलट निघालं होतं.

मग त्यांचं लक्ष कागदांच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं. 'नाव लिहू नये' असं तिथं ठळक छापलेलं होतं. त्याच्याच शेजारी आठही जणांनी आपापलं पूर्ण नाव लिहून खाली सही ठोकली होती. एकूण सगळ्यात कमी गुण धाकटीनं दिले होते, आणि सगळ्यात मोठी सहीही तिचीच होती.

बाई चक्क रडल्या. मग त्यांनी नाक पुसलं, आणि संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावरच्या फायली बाजूला सारून शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.